साबणाची करंगळी

मी एक जुना साबण आहे. नाक मुरडलंत ना, मित्रांनो? मुरडा, मला सवय आहे. नव्या साबणाचा वास तुम्ही डोळे मिटून घेता, आणि जुना साबण मोरीत दिसला की दोन बोटांच्या चिमटीत धरून त्याला कडेला सारता. माझ्या अंगावर कुणाचा तरी केस चिकटलेला असतो. पाठीला भेगा पडलेल्या असतात, आणि त्या भेगांत एक काळी रेघ बसलेली असते. ती रेघ माझी नसते, वापरणाऱ्याची असते. किळस मात्र सगळ्यांना माझी येते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. मोठ्या कढईत तेल आणि क्षार रटरट शिजत होते. तिथून मला लांब पट्टीसारखं ओतलं, कापलं, पाठीवर शिक्का मारला आणि गुलाबी कागदात गुंडाळलं. त्या कागदात मी इतका गोजिरा दिसत होतो की मला वाटलं, देवाने मला एखाद्या तान्ह्या बाळासाठीच घडवलं असणार. देवाच्या मनात वेगळंच होतं. मी जाऊन पोचलो बसस्थानकासमोरच्या एका स्वस्त लॉजमध्ये, जिन्याखालच्या खोलीत.

त्या खोलीची खिडकी शेजारच्या भिंतीत उघडत होती. तिथे माणसं रोज बदलत, साबण बदलत नसे. एकाने माझ्याने आंघोळ केली, दुसऱ्याने मोजे धुतले, तिसऱ्याने दाढी केली आणि खुंटांसकट फेस माझ्या अंगावर तसाच वाळू दिला. एका गृहस्थांच्या बॅगेची चेन अडकत होती, ती त्यांनी माझ्यावर घासून सरळ केली. एकाच्या हातून मी संडासाच्या कोपऱ्यात पडलो. त्याने मला पायाच्या अंगठ्याने वर ओढलं, उचलून साबणदाणीत ठेवलं आणि शीळ घालत निघून गेला. संध्याकाळी आलेल्या बाईंनी माझ्याने तोंड धुतलं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण साबणाला तोंड नसतं. देव त्या माणसाला सद्बुद्धी देवो.

तुम्ही म्हणाल, साबणाला कसली आलीय किळस? त्याचा जन्मच मळ काढायला. खरं आहे. मळाची मला कधी किळस आली नाही. मळ निघतो, पाण्याबरोबर जातो, माणूस हलका होतो, हे पाहायला बरं वाटतं. मला किळस यायची ती पाठ फिरवण्याची. स्वतः लख्ख होऊन, टॉवेल खांद्यावर टाकून माणूस निघून जायचा. ज्याने त्याला लख्ख केलं, त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतायला त्याला जड जायचं. इतक्या लोकांतल्या एकालाही ते सुचलं नाही.

झिजून झिजून मी बोटाच्या पेराएवढा उरलो, तेव्हा खोल्या झाडणाऱ्या मावशींनी मला एका पत्र्याच्या डब्यात टाकलं. डब्यात माझ्यासारखेच पुष्कळ होते. हिरवे, पांढरे, पिवळे, कुणी पापुद्र्यासारखे, कुणी मधोमध मोडलेले. आमचे वास एकमेकांत मिसळून असा काही भपकारा सुटला होता की माझं मलाच कसंतरी झालं.

तो डबा न्यायला मागच्या दाराशी एक मुलगी यायची. घरातली धाकटी, म्हणून सगळे तिला धाकटीच म्हणत. ती साबणाच्या तुकड्यांपासून मूर्ती करायची.

"पुन्हा आलीस?" मावशी म्हणाल्या. "अगं, लोकांनी कुठे कुठे चोळलेला साबण तो. हात तरी कसे लावतेस?"

"मला नाही काही वाटत, मावशी."

"कुणाची मूर्ती करतेयस?"

"बाबांची. मला आंघोळ घालतानाची."

मावशींनी तिच्याकडे नीट पाहिलं. "मग नवा साबण घे की. बापाला कुणी उष्टं देतं का?"

धाकटी हसली. "नव्यात काही गंमत नाही हो. त्याला कुणाचा हात लागलेला नसतो."

हे वाक्य मला फार आवडलं. मित्रांनो, मी भाळलो. मला वाटलं, इतक्या लोकांत एक तरी भेटली जिला किळस येत नाही.

तिच्या घराच्या मागच्या पडवीत आमचं काम सुरू झालं. ती आम्हाला कोमट पाण्यात भिजत घाली, पिठासारखं मळी आणि एकावर एक थापत जाई. आत आधाराला एक मोडकं स्टूल होतं आणि उलटी ठेवलेली बादली. त्यांच्याभोवती हळूहळू एक माणूस उभा राहिला, खरं तर बसला. पाटावर बसलेला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेला माणूस. त्याच्यापुढे डोळे गच्च मिटलेली, ओठ दाबून धरलेली एक लहान मुलगी. माणसाचे दोन्ही हात तिच्या गालांवर. आमच्या अंगावरचे केस धाकटीने काढले नाहीत. उलट चिमट्याने उचलून तिने ते जिथे शोभतील तिथे बसवले, कपाळावर, मनगटांवर. मला तिने दोन तळव्यांत वळून लांबट केलं आणि त्या माणसाच्या उजव्या हाताची करंगळी केलं.

ही करंगळी गालाला टेकलेली नव्हती. ती वर उचललेली होती. त्याचं कारण धाकटी एकदा मैत्रिणीला फोनवर सांगत होती, ते मी ऐकलं. तिचे बाबा सायकली दुरुस्त करायचे. आई लवकर गेली, म्हणून मुलीला आंघोळ तेच घालायचे. आधी स्वतःचे हात कोपरापर्यंत घासून घ्यायचे, पण करंगळी एकदा साखळीत सापडून चेपली होती, तिच्या नखाच्या कडेला मुरलेलं ग्रीस काही केल्या जायचं नाही. लेकीच्या तोंडाला ते लागू नये म्हणून ती करंगळी वर धरून ते तिच्या गालांना साबण लावायचे. डोळ्यांत फेस गेला की ती भोकाड पसरायची आणि ते घाईघाईने पाणी ओतत म्हणायचे, "झालं, झालं, झालं."

सांगताना धाकटीचा आवाज भरून आला होता. मीही गहिवरलो. इतक्या प्रेमळ माणसाची करंगळी व्हायचं भाग्य देवाने मला दिलं, असं मला वाटलं. ते बाबा आता या जगात नसावेत, असंही वाटलं. कारण ती त्यांच्याविषयी बोलायची ते सगळं होतं, होते, होता असं.

मग एके दिवशी पडवीत उघडणाऱ्या दारामागून आवाज आला, "झालं."

मित्रांनो, बाबा त्या दारामागेच होते. अर्धांगाच्या झटक्याने त्यांची एक बाजू गेली होती, आणि वाचेतला तेवढा एक शब्द उरला होता. भूक लागली की झालं, पाठ दुखली की झालं, अंथरूण ओलं झालं तरी झालं. त्यांचं सगळं वहिनी करायची. वहिनी म्हणजे दादाची बायको. दादा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, घरी कधी असे, कधी नसे. वहिनीच्या कमरेला पट्टा होता आणि डॉक्टरांनी तिला वजन उचलायचं नाही म्हणून बजावलं होतं.

"आंघोळीला तरी ये गं हाताशी," ती धाकटीला म्हणायची. "मला एकटीने नाही पेलत."

"वहिनी, मला खरंच नाही जमत. त्या वासानेच ढवळतं मला."

आणि ती दार ओढून घ्यायची. दाराच्या फटीत तिने जुनी चादर कोंबली होती. पडवीत बसून ती परक्या लोकांच्या दाढीचे खुंट कौतुकाने न्याहाळायची, त्यांना बापाच्या मूर्तीवर जागा द्यायची, आणि बापाच्या खोलीकडे पाठ करून बसायची. जिन्याखालच्या त्या खोलीत मी बरंच काही पाहिलं होतं. पण पायाच्या अंगठ्याने मला ओढणाऱ्या माणसाचीही मला इतकी किळस आली नव्हती. मी तिच्या बोटाखालची करंगळी होतो, आणि मला तिचा हात नकोसा झाला.

शेवटी मूर्ती पुरी होत आली. कलादालनाचे परीक्षक ती पाहायला येणार होते. त्यांनी पसंत केली, तर धाकटीला वर्षभर त्यांच्या कार्यशाळेत, दुसऱ्या शहरात राहून काम करता येणार होतं. आदल्या संध्याकाळी ती लॉजवर निघाली, तेव्हा वहिनी आतून म्हणाली, "येताना साबण आण गं. बाबांचा संपलाय."

"आणते."

ती परत आली ती पिशवीभर साबणाचे तुकडे घेऊन. मूर्तीच्या बुडाला थोडे कमी पडत होते. बाबांचा साबण आणायला ती विसरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मूर्तीखाली अंथरायला स्वच्छ चादर मागायला शेजारी गेली होती. आत बाबांचं अंथरूण बिघडलं होतं. वहिनीने त्यांना कसंबसं मोरीतल्या खुर्चीवर बसवलं, अंगावर पाणी घातलं आणि साबणदाणीत हात घातला. साबणदाणी रिकामी.

"धाकटे," तिने हाक मारली. "साबण कुठे ठेवलायस?"

वहिनी ओल्या हातांनी पडवीत आली. कोपऱ्यातली पिशवी तिला दिसली असती तर माझं आयुष्य वेगळं झालं असतं, पण पिशवीवर पोतं टाकलेलं होतं. तिची नजर मूर्तीवरून फिरली आणि माझ्यावर थांबली, कारण मीच तेवढा वर निघालेलो होतो. तिने मला धरलं, एक हिसका दिला आणि मी तिच्या मुठीत आलो. आत जाता जाता ती पुटपुटली, "साबणच तर आहे."

मोरीत काय होतं ते मी सांगत बसत नाही. तुम्हाला ढवळेल. मला ढवळलं नाही. वहिनीने मला बाबांच्या पाठीवर फिरवलं आणि इतक्या दिवसांनी मला फेस आला. मी विसरूनच गेलो होतो मला फेस येतो ते.

तेवढ्यात बाहेर चादर घेऊन धाकटी आली. मग अगदी हळू आवाजात, "वहिनी, माझी करंगळी कुठाय?"

"बाबांच्या पाठीवर आहे."

"तू तोडलीस?"

"साबण नव्हता."

"तो साबण नाहीये, वहिनी. ती मूर्ती आहे. दुपारी लोक यायचेत."

"फेस तर झकास येतोय," वहिनी म्हणाली. एरवी अगं-तुगं करणाऱ्या वहिनीचा सूर एकदम बदलला. "वन्सं, हवी असली तर आत या आणि न्या. परक्यांचे केस चिमट्याने उचलून बसवता. हा तर घरचा माणूस आहे."

धाकटी मोरीच्या उंबऱ्यापर्यंत आली. नाकावर ओढणी, आणि हातात, देवा, चिमटा. मला उचलायला तिने चिमटा आणला होता. वडिलांच्या अंगाला लागलेला मी तिला बोटांनी धरवत नव्हतो. मला इतकी शिसारी आली की वहिनीच्या हातातून निसटून गटारात वाहून जावंसं वाटलं.

वहिनी बादली सरकवायला वाकली आणि तिच्या तोंडून फक्त "आई गं" एवढं आलं. ती भिंतीला धरून खाली बसली. चेहरा पांढराफटक. "उठवत नाही," ती म्हणाली. "कमर धरली. बाबांना बघ, ते घसरतायत."

बाबा खरंच घसरत होते. अंगभर फेस, एक हात लुळा, दुसरा हवेत आधार शोधतोय. फेस डोळ्यांत उतरला होता. ते डोळे गच्च मिटून, ओठ दाबून बसले होते. बाहेर पडवीतली ती साबणाची मुलगी बसते ना, अगदी तस्से.

चिमटा फरशीवर पडल्याचा आवाज झाला. धाकटीने दोन्ही काखांत हात घालून त्यांना वर ओढलं. ओलं, निसरडं, जड शरीर तिच्या अंगावर आलं. तिने त्यांना खुर्चीत टेकवलं, त्यांच्या डोळ्यांवर पाणी ओतलं, आणि तशीच धावत बाहेर गेली. ती ओकत होती, ते आम्हाला तिघांनाही ऐकू आलं.

वहिनी भिंतीशी बसून वाट पाहत राहिली. मी फरशीवर पडून होतो. मला वाटलं, गेली ही. लॉजमधले जात तशी गेली.

ती परत आली. ओठ पुसत, डोळे लाल. तिची किळस गेली नव्हती, मित्रांनो. चेहऱ्यावर तशीच होती. किळस घेऊनच ती आली, बाबांपुढे उकिडवी बसली आणि तिने मला उचललं, बोटांनी.

"आधी पाठ," वहिनी म्हणाली. "मग काखा. हळू घास, कातडी पातळ झालीय त्यांची."

"पाय?"

"पाय शेवटी. आणि तोंड फिरवू नकोस. त्यांना कळतं."

तिने तोंड फिरवलं नाही. मधेच तिला एक उमासा आला, तो तिने गिळला. लुळा हात धुताना तिने एकेक बोट सोडवलं. करंगळीशी आली आणि थबकली. चेपलेल्या नखाच्या कडेला, कातडीत मुरलेली काळी रेघ अजून होती. माझ्या भेगांत असते तशीच. तिने मला त्या रेघेवर घासलं, पुन्हा घासलं. रेघ कसली जातेय.

"झालं," बाबा म्हणाले. "झालं, झालं."

"नाही झालं अजून, बाबा," ती म्हणाली. तिचे डोळे गळत होते. फेसाने असतील, मी काही बोलत नाही.

शेवटी तिने त्यांना पुसून कोरडं केलं. वहिनीला हात देऊन उठवलं. आणि मग तिने जे केलं त्याची मी लॉजच्या त्या खोलीत रोज वाट पाहिली होती. तिने मला नळाखाली धरलं. चारी बाजूंनी धुतलं. मला चिकटलेला बाबांचा पांढरा केस नखाने अलगद काढला.

तिने मला गरम पाण्याने पुन्हा मूर्तीला चिकटवलं. मी आता निम्मा झालो होतो. बाकीची बोटं जाडजूड आणि करंगळी काडीसारखी.

दुपारी दोन परीक्षक आले. एक बाई होत्या, त्या बोलल्या नाहीत, नुसत्या पाहत राहिल्या. दुसरे गृहस्थ बोलले, त्या दोघांच्या वाटचं बोलले. आमच्या अंगावरचे केस पाहून ते हरखले. "काय धाडस आहे," ते म्हणाले. "माणसाच्या स्पर्शाची घाण आणि माणसाच्या स्पर्शाची माया, एकाच वेळी." त्यांनी हनुवटीला हात लावून पाहिला आणि विचारलं, "हात कुठे धुता येतील?"

धाकटीने मोरी दाखवली. गृहस्थ दारापर्यंत गेले. तिथे बाबांची ओली खुर्ची होती, बादलीत भिजवलेलं अंथरूण होतं. ते हात न धुताच परतले, खिशातला रुमाल नाकाला लावून. देव त्यांचं भलं करो. मला त्यांच्या रुमालाच्या सुगंधाचीसुद्धा किळस आली.

"आम्हाला पसंत आहे," ते रुमालाआडून म्हणाले. "उद्या सकाळी टेम्पो पाठवतो. फक्त ती करंगळी नीट करून घ्या. अर्धवट राहिलीय."

धाकटीने मान हलवली.

रात्री पिशवीतले तुकडे भिजत घातलेले मी पाहिले आणि समजलो. उद्या माझ्या जागी नवी जाडजूड करंगळी येणार. मला वाईट वाटलं नाही. त्या रुमालवाल्यांनी सुगंधी हवेत उभं राहून माझ्याकडे पाहावं, याची मला हौस नव्हती.

सकाळी टेम्पो आला. धाकटी पडवीत आली, आणि तिने मला हिसका देऊन तोडलं. दुसरं बोट लावलंच नाही. भिजवलेले तुकडे तिने मूर्तीच्या बुडाला थापले आणि मूर्ती तशीच दिली, चार बोटांची.

टेम्पोवाला म्हणाला, "ताई, बोट राहिलं की."

"ते लागणार आहे घरी," ती म्हणाली.

मला मुठीत घेऊन ती आत गेली. दाराच्या फटीतली चादर तिने आदल्या दिवशीच काढून धुवायला टाकली होती. वहिनी पलंगावर पडल्या पडल्या सूचना देत होती.

"आणि तुझी कार्यशाळा?"

"जाईन. आधी दादाला शिकवते आंघोळ घालायला."

"तुझ्या दादाला?" वहिनी हसायला गेली आणि कंबर धरून कण्हली. "रस्त्यात कुत्रं मेलेलं दिसलं तर तो गाडीची काच वर करतो."

"मग ओकेल एकदोनदा. मी ओकलेच की."

मूर्तीचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही. ऐकतो, की लोक त्या तुटक्या बोटापाशी थांबतात आणि त्याचे खोल खोल अर्थ लावतात. लावोत बापडे. ते बोट इथे साबणदाणीत आहे. रोज सकाळी ते बाबांच्या पाठीवरून फिरतं आणि रोज थोडं कमी होतं.

काल धाकटीने नवा साबण आणला. मला टाकून न देता तिने मला ओलं करून त्या नव्या वडीच्या पाठीला दाबून चिकटवलं. नवा साबण गुलाबी आहे, सुवासिक आहे, शिक्का अजून ठसठशीत आहे. मी पाठीला लागताच त्याने अंग चोरलं. मला त्याचा राग आला नाही. त्याला अजून बाबा भेटायचे आहेत.

मित्रांनो, मी आता नखाएवढा उरलो आहे, चारदोन आंघोळींचा पाहुणा. तेव्हा एवढंच मागतो. साबण वापरून झाला की त्याच्यावर तांब्याभर पाणी घाला. चिकटलेला केस काढा. आणि तुमच्या घरात दाराच्या फटीत चादर कोंबलेली असेल, तर ती काढा. तुम्हाला किळस येईल. येऊ द्या. बाहेर जाऊन ओका, तोंड पुसा आणि परत आत या.

मोरीत बादली भरल्याचा आवाज येतोय. बाबांनी आत्ताच हाक मारली, "झालं." म्हणजे आंघोळीची वेळ झाली.